वेढ्याचे गणित

पोळ्याच्या गर्दीत बिथरलेल्या बैलाचा दोर नुसत्या हाताने धरून ठेवणे कुणालाच जमत नाही. जाणता शेतकरी तो खुंट्याला दोन वेढे घेतो. मग मोकळे टोक एका हातात धरले तरी पुरते. या युक्तीमागचे गणित लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकात मांडले. वेढे वाढवावेत तशी पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक पाव धरला, तर एका वेढ्याने हाताचा जोर सुमारे ५ पट होतो, दोन वेढ्यांनी २३ पट आणि तीन वेढ्यांनी १११ पट.

दोराने झाडावर चढणाऱ्याचा जीव याच गुणाकाराला टांगलेला असतो. भंडारा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात आग्या माशा उंच झाडांच्या फांद्यांखाली पोळी बांधतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध गौण वनोपजांत गणला आहे. म्हणजे हक्क कागदावर आला, पण मध अजून फांदीवरच आहे. तिथे माशा उठल्या, की वर जाण्यापेक्षा खाली येणे महत्त्वाचे. म्हणून घर्षणाचे साधन निवडताना पहिला प्रश्न ‘चढता येईल का’ हा नसून ‘धड उतरता येईल का’ हा असावा.

दुहेरी दोराच्या पद्धतीत दोर फांदीवरून टाकतात. एक टोक कमरेच्या हार्नेसला बांधलेले, दुसऱ्या पदरावर पकडीची गाठ. वजन दोन पदरांत वाटले जाते; ६० किलोच्या माणसाचे सुमारे ३० किलोच गाठीवर येतात. त्यामुळे ब्लेक्स हिचसारखी, त्याच दोराच्या शेपटाने मारलेली बिनखर्चाची गाठही इथे नीट सरकते आणि नीट धरते. तोटा असा, की एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, आणि तो फांदीवर सतत घासून सालही सोलतो, स्वतःही झिजतो.

एकेरी दोर जागेवरून हलत नाही. उंच, सरळ खोडाच्या झाडावर पायांच्या जोराने भराभर चढता येते. मात्र सगळे ६० किलो एकाच साधनावर येतात. नुसती गाठ असेल, तर ती इतकी आवळते की टांगलेल्या माणसाला सोडवता येत नाही. म्हणून गाठीच्या वर दोराला बाक देणारे रोप रेंचसारखे साधन लावतात. काही भार ते घेते आणि गाठ हाताच्या कह्यात राहते. दोर फांदीवरून घेऊन बुंध्याला बांधला असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फांदीवर जवळपास दुप्पट, म्हणजे १२० किलोंपर्यंत ओढ येते.

आता उष्णता. ६० किलोचा माणूस २० मीटर उतरला, की सुमारे ११,८०० जूल ऊर्जा घर्षणात जिरते. ती सगळी १०० ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या साधनात साठली, तर ते सुमारे १३० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता दोरात आणि हवेत जाते. तरी भंडाऱ्याच्या मे महिन्यात धातू आधीच तापलेला असतो, आणि नायलॉन सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणून घाई असली तरी एका लयीत उतरावे, आणि खाली आल्यावर तापलेले साधन दोराच्या एकाच जागी टेकवून ठेवू नये.

शेवटी माणसाचा स्वभाव. माशी डसली की हात आपोआप तोंडाकडे जातो. आकडा आठसारखे नुसते उतरण्याचे साधन हात सुटताच माणसाला सोडून देते. त्याच्या जोडीला प्रुसिक गाठ हवीच. उलट घाबरलेला माणूस हाताला येईल ते आवळून धरतो, आणि पकडीच्या गाठीचा माथाच धरून खाली ओढला तर तीही सरकते. हा दोष कुठल्याच किमतीच्या साधनाने पुरता जात नाही.

तेव्हा साधन नवे असो वा जुने, आधी गुडघाभर उंचीवर टांगून घ्यावे. हात सोडावा, घाबरल्यासारखे गच्च धरून पाहावे, ओल्या दोरावरही पाहावे. तिथे जे धरते आणि मागितल्यावर सोडते, तेच आपले साधन. खुंट्याचे वेढेही शेतकरी बैल बिथरण्याआधीच घेतो.