आधी वासराला चीक, मग घरात खरवस



गाय व्याली की घरात खरवसाची आठवण निघते. पण त्या चिकावर पहिला हक्क वासराचा. तो का, हे नीट समजून घ्या.

माणसाच्या तशाच जनावराच्या अंगात रोगजंतूंना गिळून पचवणाऱ्या पेशी असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या अळीला काटा टोचला, तेव्हा अशा पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या त्याला दिसल्या. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या राखणदारांना चोर कसा ओळखू येतो? पेशीच्या अंगावर 'ग्राही' नावाच्या अतिसूक्ष्म रचना असतात. कुलपाला ठरलेली किल्लीच लागते, तशी प्रत्येक ग्राहीला ठरलेली खूणच बसते. वासरांना हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या आवरणातला एक पदार्थ असाच ओळखला जातो. खूण पटली की पेशी चेतते आणि इतर पेशींना हाक देते.

पण काही जंतूंचे आवरण निसरडे असते, हाती लागत नाही. तिथे प्रतिद्रव्ये उपयोगी पडतात. त्यांचे एक टोक जंतूला चिकटते, दुसरे भक्षक पेशीच्या ग्राहीत अडकते. गुळगुळीत घागरीच्या गळ्यात दोराचा फास बसावा, तशी पकड येते आणि जंतू गिळला जातो.

माणसाच्या बाळाला ही प्रतिद्रव्ये आईच्या पोटातच वारेतून मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती जात नाहीत. म्हणजे वासराच्या अंगात राखणदार आहेत, पण त्यांच्या हाती दोर नाही. तो चिकातूनच येतो. शिवाय आतड्यातून रक्तात जाण्याची त्याची वाट तासातासाने अरुंद होते आणि साधारण २४ तासांत बंद होते. उद्या पाजलेला चीक आजची भरपाई करत नाही.

म्हणून वार पडण्याची वाट पाहत बसू नका. कास स्वच्छ धुऊन पहिल्या दोन तासांच्या आतच वासराला चीक पाजा. पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, दोन-तीन वेळा विभागून. वासरू अशक्त असेल तर बाटलीने पाजा, आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका.

एवढे करून उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करा. आजची कालवड हीच उद्याची दुभती गाय, हे मात्र ध्यानात असू द्या.