एलीया, इलियास, एलियाहू : एक नोंद बेतताना

कोशाची नोंद लिहायची म्हणजे आधी गाळायला शिकायचं. वाईचा मराठी विश्वकोश उघडून बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. शीर्षक, अपूर्णविराम, लगेच एका वाक्यात ओळख, मग मजकूर, दुसऱ्या नोंदीकडे नेणारा बाण आणि शेवटी लेखकाचं नाव, तेही आडनाव आधी. माणसाची नोंद असेल तर शीर्षकालगत कंसात जन्म-मृत्यूच्या तारखा. हा साचा लोकमान्यांना किंवा न्यूटनला चपखल बसतो. बायबलमधल्या संदेष्ट्याशी गाठ पडली की कंसापासूनच अडायला होतं.

उदाहरण म्हणून एलीया घेऊ. ‘राजे’ या ग्रंथांत तो एकाएकी उगवतो आणि अहाब राजाला तोंडावर सांगतो की आता पाऊस नाही. कावळे त्याला भाकर नि मांस आणून देतात. कर्मेल डोंगरावर तो बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकटा भिडतो. नाबोथाचा द्राक्षमळा गिळंकृत करणाऱ्या राजाला जाब विचारतो. शेवटी अग्निरथ येतो आणि तो वावटळीतून स्वर्गात जातो. म्हणजे मृत्यूची तारीख नाहीच, कारण मृत्यूच नाही.

सगळी मेख इथे आहे. जो मेला नाही तो परत येऊ शकतो, आणि प्रत्येक परंपरेने त्याला आपल्या दारी आणलं. ज्यू घरांत वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात. शुभवर्तमानांत लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, तू एलीया आहेस काय? कुराणात तो इलियास या नावाने नबींच्या मालिकेत बसतो. या साऱ्याला ‘दंतकथा’ असा मथळा देऊन नोंदीच्या तळाशी ढकललं, तर नोंद निम्मी मेलीच.

इतिहासाचं काय? अहाबाचं नाव असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात आहे, इ. स. पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईच्या संदर्भात. अहाबाचा बाप अम्री मवाबच्या मेशा शिलालेखात सापडतो. एलीयाचं नाव त्या काळच्या कुठल्याही लेखात नाही. म्हणून ‘इ. स. पू. नववे शतक’ हा कथेचा काळ म्हणून लिहावा, चरित्राचा म्हणून नव्हे. आणि पहिल्या वाक्यात ‘होऊन गेला’ न लिहिता ‘बायबलनुसार’ लिहावं. एका शब्दाने काम भागतं. श्रद्धावंताचा अवमान होत नाही आणि अभ्यासकाची फसवणूकही.

आता नोंद लावायची कुठे? एकट्या मिरजेतच पेच दिसतो. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं इस्पितळ उघडलं. तिथल्या मराठी उपासनेत जे बायबल वाचलं जातं त्यात ‘एलीया’ आहे. त्याच गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या अवतीभवती इलियास नावाचा कुणी भेटला तर नवल नाही. दोघांच्या दोन नोंदी करणं चूक. मूळ नोंद एक, बाकीच्या रूपांवरून नुसतं ‘पहा’.

तिसरं रूप मात्र मराठी कोशाने जिवापाड जपायला हवं. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्याला ‘एलियाहू हन्नबी’ म्हणतात. नवस फेडताना, लग्नाआधी, घरात शुभकार्य निघालं की त्याच्या नावाने मलिदा होतो : भिजवलेले पोहे, गोडवा, ओलं खोबरं, वर फळं. ताटाभोवती बसून त्याची स्तुती गातात. समाजाची परंपरा सांगते की त्याचा रथ खंडाळ्याला उतरला. तिथल्या खडकावर चाकांच्या आणि टापांच्या खुणा दाखवतात. हे खंडाळे अलिबाग तालुक्यातलं. लोणावळ्याजवळचं नव्हे, की वाईच्या शेजारचं, साताऱ्यातलं तालुक्याचं गाव खंडाळाही नव्हे. कोशात एवढा खुलासा राहून गेला तर वाचक भलत्याच घाटात जाऊन उभा राहील. हायीम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ मध्ये छापून निघाला. तेव्हा नोंदकर्त्याला ‘माहिती मिळत नाही’ असं म्हणायची सोय नाही.

केतकरांच्या ज्ञानकोशापासून मराठी कोशकार एका प्रश्नाशी झगडत आले आहेत : जगाचं ज्ञान इथे आणायचं, की इथलं ज्ञान जगाच्या मांडणीत बसवायचं? (केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई, माहेरच्या ईडिथ कोहन, जर्मन ज्यू. त्यांच्या घरी हा प्रश्न नुसता पुस्तकी नसावा.) माझ्या मते मराठीत एलीयावर लिहिताना मेंडेल्सनच्या त्याच्यावरच्या १८४६ च्या संगीतकृतीला एक ओळ पुरे. एलीयाला आदिपुरुष मानणाऱ्या कार्मेलाइट संघाला दोन द्याव्यात, कारण १७२० पासून मुंबईतल्या कॅथलिक चर्चचा कारभार त्यांच्याकडे आला होता. मलिद्याला आणि खंडाळ्याला मात्र पूर्ण परिच्छेद हवा. इंग्रजी कोशातली नोंद उतरवून काढली तर हे प्रमाण नेमकं उलटं होतं.

एक विनंती. बेने इस्राएल मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, छापली. तशी जुनी पुस्तिका कुणाच्या माळ्यावर असेल तर रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या.