वरेना म्हणजे वारणा नव्हे

लिथुएनियन भाषा संस्कृतला जवळची, हे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर असतं. त्यामुळे त्या देशाच्या दक्षिणेला, जंगलात, वरेना नावाचं गाव आहे म्हटलं की सांगली-कोल्हापूरकडचा माणूस पटकन म्हणणार, ‘अरे, ही तर आपली वारणा!’ नाव नदीवरूनच पडलंय हे खरं, पण ती नदी तिथलीच: वरेने. उच्चार जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही. शिवाय लिथुएनियन ही संस्कृतची लेकही नव्हे. दोघी एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, लांबच्या बहिणी. म्हणून तर तिकडे आगीला ‘उग्निस’ म्हणतात आणि दाताला ‘दान्तिस’.

दुसरी गफलत खुद्द युरोपातून येणारे पाहुणे करतात. चित्रकार-संगीतकार च्युर्ल्योनिस यांचं जन्मगाव पाहायचं म्हणून ते वरेना स्टेशनवर उतरतात. पण हे गाव रेल्वेचं अपत्य. सेंट पीटर्सबर्ग–वॉर्सा लोहमार्ग १८६२मध्ये इथून गेला आणि स्टेशनाभोवती वस्ती वाढली. मूळ गाव काही किलोमीटरवर, वरेने नदी मेर्किस नदीला मिळते तिथे आहे. च्युर्ल्योनिस १८७५मध्ये जन्मले ते तिथे. त्याचं नाव सेनॉयी वरेना, म्हणजे जुनी वरेना. आणि गंमत अशी, की संस्कृतशी खरं नातं सापडतं ते या ‘सेनॉयी’त! लिथुएनियन ‘सेनास’ आणि वैदिक ‘सन’ हे सख्खे शब्द. दोन्हींचा अर्थ जुना.

पोलिश नकाशांवर ‘ओरानी’ दिसतं, ते गावही वेगळं नाही. १९२० ते १९३९ हा मुलूख पोलंडच्या ताब्यात होता, कागदोपत्री तेच नाव चाले.

आता जंगलाविषयी. वरेना तालुक्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे, म्हणून जमीन सुपीक असेल असं वाटतं. उलट आहे. खाली सगळी वाळू. पाइन तिच्यात तग धरतो, धान्य धरत नाही. शेतीनं हात दिला नाही म्हणून माणसं अळंबी, रानबोरं आणि मधाकडे वळली. अळंबी नसती तर आमच्या अंगावर कपडाही नसता, अशी थट्टा तिथली माणसं स्वतःचीच करतात. आजही गावात सप्टेंबरमध्ये अळंबीचा उत्सव भरतो.

जंगलातलं गाव म्हणजे इतिहासाच्या धामधुमीपासून सुरक्षित, हेही खरं नाही. १० सप्टेंबर १९४१ या तारखेपुढे नाझी मारेकऱ्यांच्या स्वतःच्याच अहवालात वरेनाची नोंद आहे: ८३१ ज्यू ठार. त्यांत १४९ मुलं होती.

व्हिल्नियसहून वरेना सुमारे ८० किलोमीटर. कधी गेलातच, तर पाटीवर ‘सेनॉयी’ लिहिलंय ना, तेवढं बघून मगच वळा.