टकरीचा हिशेब : तुमसरची वाघीण, भंडाऱ्याची ऐरण

वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. वेगाप्रमाणे संवेगालाही दिशा असते, म्हणून समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तूंचे संवेग बेरजेत एकमेकांतून वजा होतात. संवेग बदलायचा तर बल लावावे लागते. ते बल जितका वेळ टिकते त्या वेळेने त्याला गुणले की मिळतो आवेग, आणि आवेग म्हणजेच संवेगात झालेला बदल. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचा दुसरा नियम संवेगाच्याच भाषेत मांडला. शाळेत पाठ होणारे वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र नंतरचे.

दोन वस्तूंची टक्कर होते तेव्हा दोघींवर सारखेच बल, तितकाच वेळ, पण उलट दिशांना लागते. एकीने गमावलेला संवेग दुसरीला मिळतो; एकूण बेरीज ढळत नाही. हाच संवेग अक्षय्यतेचा नियम.

भंडारा जिल्ह्यात तो पाहायचा तर तुमसरकडे जावे. या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या ‘मॉइल’ कंपनीच्या मॅंगनीज खाणी आहेत, आणि नागपूर–गोंदिया मार्गावरच्या तुमसर रोड जंक्शनातून तिरोडीचा फाटा निघतो. रेल्वेची नेहमीची उघडी वाघीण भरल्यावर सुमारे ८१ टन भरते, रिकामी असताना साडेबावीस टन. समजा, भरलेली वाघीण सेकंदाला एक मीटर वेगाने येऊन उभ्या रिकाम्या वाघिणीला जोडली गेली. आता तोच संवेग एकशे साडेतीन टनांत वाटला जाईल आणि जोडी सेकंदाला ७८ सेंटिमीटर वेगाने पुढे सरकेल. उलट रिकामी वाघीण त्याच वेगाने भरलेलीवर आदळली, तर जोडीचा वेग जेमतेम २२ सेंटिमीटर.

गतिज ऊर्जेचे मात्र तसे नाही. पहिल्या टकरीत सुरुवातीच्या ऊर्जेपैकी २२ टक्के नाहीशी होते, दुसरीत ७८ टक्के. टक्केवारीत इतका फरक, पण प्रत्यक्ष आकडा दोन्हीकडे एकच, सुमारे ८,८०० ज्यूल. ही ऊर्जा आवाज, उष्णता आणि लोखंडाची वाकवाकवी यांत जाते. दोन्ही टकरींतला आवेगही सारखा, सुमारे १७,६०० न्यूटन-सेकंद. कोण चालत होते आणि कोण उभे होते याला धक्क्याच्या लेखी किंमत नाही. मोजला जातो तो एकमेकांकडे येण्याचा वेग. पाठ्यपुस्तके ही गोष्ट उगाच मागच्या पानांवर ढकलतात.

धक्का एका दशांश सेकंदात पुरा झाला तर सरासरी बल सुमारे १८ टन वजनाइतके. शतांश सेकंदात झाला तर ते दसपट. म्हणूनच वाघिणींच्या जोडणीमागे दाबले जाणारे धक्काशोषक बसवलेले असतात. आवेग त्यांना कमी करता येत नाही, ते फक्त वेळ वाढवतात. हेल्मेटच्या आतला फोम हेच काम करतो.

टकरीचे गणित प्रथम नीट सुटले ते १६६८ च्या सुमारास. लंडनच्या रॉयल सोसायटीने विचारलेल्या प्रश्नाला वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली. वॉलिसने एकत्र चिकटणाऱ्या वस्तू घेतल्या, म्हणजे वर सांगितलेल्या वाघिणीच. बाकी दोघांनी ऊर्जा न गमावता उसळणाऱ्या, म्हणजे स्थितिस्थापक टकरींचा विचार केला. अशा टकरीत सारख्या वजनाच्या वस्तू वेगांची अदलाबदल करतात. कॅरमची सोंगटी समोरून मारलेल्या दुसऱ्या सोंगटीला आपला जवळपास सगळा वेग देऊन जागीच थबकते, ती यामुळे.

रेल्वेला जो तोटा, तोच भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारागिराचा नफा. अर्धा किलोचा हातोडा सेकंदाला सहा मीटर वेगाने आला आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी बल ३,००० न्यूटन, म्हणजे तीनशे किलो वजनाइतके. हातोडा स्वतःच्या भाराने तर फक्त पाच न्यूटनच दाबतो. खालची ऐरण जड असल्याने ती जवळजवळ हलत नाही, त्यामुळे हातोड्याच्या ऊर्जेचा मोठा भाग पत्र्यालाच आकार देण्यात खर्ची पडतो. तेच भांडे हातात अधांतरी धरून ठोकले तर ते मागे सरते, वेळ लांबतो आणि ठोका वाया जातो. हातोडा उसळला तर आवेग वाढतो, पण उसळीसोबत परत गेलेली ऊर्जा पत्र्याला मिळत नाही. ठोके खाऊन पितळ कडक होत जाते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते.

ठोके एकामागून एक इतक्या जलद पडू लागले की ते वेगळे मोजता येत नाहीत, तेव्हा आवेगाऐवजी सलग बलच मोजतात. वाहत्या पाण्याचा मारा असाच असतो. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. अशा दरवाजातून सुटलेले पाणी सेकंदाला दहा मीटर वेगाने धावत असेल आणि समोरच्या काँक्रीटला धडकून पुढची सगळी गती गमावत असेल, तर सेकंदाला वाहणाऱ्या प्रत्येक घनमीटर पाण्यामागे त्या काँक्रीटवर १०,००० न्यूटन, म्हणजे जवळपास एक टन वजनाइतके बल पडते. दरवाजा अधिक उचलून प्रवाह दुप्पट केला तर बल दुप्पट होते. प्रवाहाची रुंदी-जाडी तीच ठेवून वेग दुप्पट झाला तर ते चौपट होते, कारण तेव्हा सेकंदाला येणारे पाणीही दुप्पट असते.