‘सपोर्ट’ नव्हे, पार्टनरशिप!

शनिवारची रात्र, बाहेर धो धो पाऊस. वर्तकनगरच्या घरात मी आणि नवरा परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) बघत बसलो होतो. मस्त हसायचं आणि झोपायचं, असा प्लॅन. पण माझी तर झोपच उडाली!

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे आपल्याला पाठ असतं. पण त्यासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. फिल्मला भोकं पाडणं, ती डेव्हलप करणं शिकून घेतलं. वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक! मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, तर लेक मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण. म्हणजे प्रेमही घरचं आणि धंदाही घरचाच. ‘जनक’ म्हणून नाव मात्र एकट्या दादासाहेबांचं.

आमच्याकडेही सध्या नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचे वारे वाहताहेत. ‘तुझा फक्त सपोर्ट हवा,’ असं नवरा महिनाभर म्हणतोय.

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, ‘‘दागिने देईन रे, पण कागदावर पार्टनर म्हणून माझं नाव हवं.’’

‘‘चालेल. आणि स्वयंपाक?’’

‘‘तो तू करायचास!’’