पगाराचा आकडा
कर्जाच्या अर्जांसोबतचे ताळेबंद वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे अमेरिकेतल्या सांता फे शहराच्या हॉटेलवाल्यांची धास्ती मला पोकळ वाटत नाही. २००३ साली तिथल्या नगरपरिषदेने २५ वा अधिक नोकर असलेल्या धंद्यांसाठी ताशी साडेआठ डॉलर किमान वेतन ठरवले. देशाचा दर होता ५.१५. भाडे, वीजबिल कमी होत नाही. मग कात्री नोकरांवरच! काही मालक कोर्टात गेले, हरले. जून २००४ मध्ये कायदा लागू झाला. त्यांच्या हिशेबात एक आकडा मात्र नव्हता, त्या पर्यटननगरीत भांडी घासणाऱ्याचे घरभाडे. २००८ साली २५ची अटही गेली. चार नोकरांवर दुकान चालवणाऱ्याने काय करावे? इथे माझ्यातला बँकवाला अडखळतो.