छाट, सट्टेदार आणि संप : भंडारा जिल्ह्यातील विडी कामगार

भंडारा जिल्ह्यातील विडी उद्योग तेंदूच्या जंगलावर आणि रेल्वेवर उभा राहिला. गोंदिया हे त्याचे मोठे केंद्र. १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते भंडाऱ्यातच होते. मालक पान, तंबाखू आणि धागा सट्टेदाराला देई. सट्टेदार तो माल गावोगावच्या घरांत वाटून तयार विड्या परत आणी. पान भिजवणे, फर्म्याने कापणे, वळणे, बांधणे हे काम घरातल्या बाया आणि मुलेही करत. मजुरी हजार विड्यांमागे ठरे.

खरा जाच छाटीचा होता. खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे आणि किती छाटायचे हे तपासणारा एकटा ठरवी. पान जुने आणि फाटके मिळाले तरी भुर्दंड वळणाऱ्यावरच. त्यामुळे हजारी दर वाढवून घेतला तरी छाट वाढवून तो परत काढून घेता येई.

या कामात दलित स्त्री-पुरुषांची संख्या मोठी होती आणि संघटनेचा पहिला जोरही तिथूनच आला. कामठीचे बाबू हरदास यांनी सट्टेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर विडीकाम सुरू केले. हे काम नागपूर, रामटेक आणि भंडाऱ्यापर्यंत पोचले. १९३७ साली हरदास स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधिमंडळात निवडून गेले. १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विडी कामगारांचे हे फार मोठे नुकसान होते. पुढे कामठीचेच दादासाहेब कुंभारे यांनी विडी कामगारांचा प्रश्न हाती घेतला. समाजवादीही या भागात होते. हिंद मजदूर सभेच्या संस्थापकांपैकी एक असलेले अशोक मेहता १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला.

विडी कामगारांच्या संपाला मात्र मूळचीच एक मर्यादा होती. मुंबईच्या गोदीतही मजूर टोळीवाल्याच्या हाताखाली, रोजच्या भरवशावर राबत. पण तिथे काम थांबले की जहाज धक्क्यावर अडकून पडे आणि मालकाचे नुकसान तासागणिक वाढे. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ मध्येच झाला. विडीवाल्याचे पान गोदामात टिके. एका गावाने काम बंद केले तर सट्टेदार माल दुसऱ्या गावाला देई. घराघरांत विखुरलेल्या बायांना एकत्र आणणे हेच मोठे काम होते. म्हणून इथला लढा सरकारदरबारी आणि न्यायालयात अधिक लढला गेला.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत विडी उद्योग होता. ११ जून १९५८ च्या अधिसूचनेने मुंबई सरकारने विदर्भासाठी विडीची किमान मजुरी ठरवली आणि छाटीवर बंधने घातली. गोंदियाच्या विडी व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाटीविषयीची कलमे रद्द केली. सरकारला मजुरीचा दर ठरवता येतो, कराराच्या इतर अटी बदलता येत नाहीत, असा त्याचा आधार होता. कायद्याच्या अक्षराने निकाल बरोबर असेल, पण छाट मोकळी सोडून किमान मजुरीला अर्थ उरत नव्हता.

ती उणीव १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने भरली. घरी वळणारी बाई कामगार ठरली. सट्टेदारामागच्या मूळ मालकावर जबाबदारी आली. कच्चा माल, छाट आणि तिची मजुरी यांवरचे वाद झटपट सोडवण्याची तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. मालकांनी पळवाटही शोधली. केरळमध्ये कायदा लागू होताच मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने काम बंद केले, तेव्हा तिथल्या कामगारांनी सरकारच्या पाठबळाने १९६९ मध्ये दिनेश विडी ही सहकारी संस्था काढली. हरदासांनी तीसहून अधिक वर्षांपूर्वी धरलेली हीच वाट होती. विदर्भात तिला सरकारचे तसे पाठबळ लाभले नाही.

१९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. त्यातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. त्यासाठी ओळखपत्र लागे आणि ते मिळवण्यासाठी मालकाच्या नोंदवहीत नाव असणे महत्त्वाचे ठरे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर बंद झाला.